पहाट गाठायची असेल तर

आरव्ही, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेतली की प्रवास स्वस्तात होतो, हा समज निघण्याआधीच मोडीत काढलेला बरा. गाडीचं रोजचं भाडं, विमा, ठरलेल्या मैलांपुढच्या प्रत्येक मैलाचे वेगळे पैसे, जनरेटर चालवला तर त्याच्या तासांचे वेगळे, कॅम्पग्राउंडचं भाडं, आणि वर गॅलनला जेमतेम 8 ते 10 मैल धावणारं इंजिन. हिशेब कागदावर मांडला तर बहुतेक वेळा साधी मोटार आणि मोटेलची खोलीच जिंकते. तरीही अमेरिकेत घोड्यांच्या शर्यती बघायला निघणाऱ्याने आरव्हीचा विचार करावा, आणि तो एकाच कारणासाठी. रेसकोर्सचा दिवस दुपारी सुरू होत नाही, पहाटे होतो. सूर्य उगवायच्या आधीपासून दहा वाजेपर्यंत सराव, मग एकच्या सुमाराला पहिली शर्यत. मधले तीन तास रिकामे. मोटेलवाल्याची खोली सोडायची वेळ नेमकी त्या पोकळीत येते. आरव्हीवाला मात्र परत येतो, पोहे करतो, तासभर डुलकी काढतो आणि ताजा होऊन दुपारच्या शर्यतींना जातो.

हे सगळं नीट जुळून येण्याची जागा म्हणजे केंटकीतलं लेक्झिंग्टन. गावाच्या पश्चिमेला कीनलंड, 1936 साली सुरू झालेला रेसकोर्स. वर्षात फक्त दोनच हंगाम, एप्रिल आणि ऑक्टोबर, प्रत्येकी साधारण तीन आठवड्यांचे. सोमवार-मंगळवारी सहसा शर्यती नसतात, तेवढं पाहून तारखा ठरवाव्यात. गावाच्या उत्तरेला, आय-75 रस्त्याच्या 120 क्रमांकाच्या एक्झिटवर, केंटकी हॉर्स पार्क. 1978 साली उघडलेल्या या उद्यानाचं स्वतःचं कॅम्पग्राउंड आहे, अडीचशेच्या वर पक्क्या जागांचं, वीज-पाण्यासकट. तिथून कीनलंड 12-13 मैल. एप्रिलच्या शेवटी मात्र याच उद्यानात तीन प्रकारांची मोठी अश्वारोहण स्पर्धा भरते, तेव्हा जागा फार आधी भरतात. एप्रिलचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर, हे हिशेबात धरावं.

गाडी कोणती? बसएवढी क्लास ए घेण्याचा मोह टाळावा. लेक्झिंग्टनभोवतीच्या ब्लूग्रास भागातले जुने रस्ते अरुंद आहेत. कडेला चुन्याविना रचलेल्या दगडी गडग्यांच्या भिंती, रस्त्याकडेची मोकळी पट्टी जवळजवळ नाही, वर झाडांच्या कमानी. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, 24-25 फुटांची क्लास सी दोघा-चौघांना पुरते. तिची उंची 11 ते 12 फुटांच्या आसपास, छतावरचा एसी धरून. हा आकडा पावतीवरून किंवा गाडीवरच्या पट्टीवरून वाचून स्टिअरिंगसमोर कागदावर लिहून चिकटवावा. मोटार चालवणाऱ्या माणसाला उंचीची सवयच नसते. तो खड्डा बघतो, लेन बघतो, वर बघत नाही. आरव्हीचे एसी आणि छताचे कोपरे तुटतात ते बर्गरच्या दुकानाच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये आणि पेट्रोल पंपाच्या जुन्या छपराखाली. महामार्गावर फारसं काही होत नाही. दुसरी सवय लागते ती शेपटीची. मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट गाडी लोंबत असते. पंपावरून निघताना डावीकडे वळवलंत की ती शेपटी उजवीकडे फिरते आणि शेजारच्या पिवळ्या खांबाला घासते. आधी एक गाडीभर अंतर सरळ पुढे जायचं, मग वळायचं.

दिवसाला 300 मैल, तीनच्या आत मुक्कामाला, आणि एका जागी तीन रात्री, असा एक ठोकताळा आरव्हीवाले सांगतात. नवख्यांना तो भित्रा वाटतो. पण अंधारात, अनोळखी जागेवर, टॉर्चच्या उजेडात उलटी गाडी लावून पाहिलेल्या कोणालाही वाटत नाही.

टायरचं प्रकरण जरा सविस्तर. क्लास सीला मागे दुहेरी चाकं असतात, म्हणजे एकूण सहा. मागच्या जोडीतला आतला टायर दिसत नाही. त्याची हवा पूर्ण गेली तरी गाडी कलत नाही, कारण बाहेरचा टायर दोघांचं ओझं एकटा उचलतो. उचलतो, तापतो, आणि पन्नास-शंभर मैलांनी फुटतो. फुटताना चाकाच्या वरचं पत्र्याचं, पाइपांचं सगळं फाडून नेतो. लाथ मारून पाहणं हा उपाय नव्हे. लांब दांड्याचा प्रेशर गेज घ्यावा आणि सकाळी, गाडी हलवण्याआधी, सहाही टायर मोजावेत. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि ते थंड टायरचं असतं. तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण 2 टक्क्यांनी उतरतो. एप्रिलच्या थंड पहाटेचा आकडा आणि आदल्या दुपारचा आकडा जुळला नाही तर घाबरू नये. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकातले शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. आरव्ही उभ्या राहून म्हाताऱ्या होतात. नक्षी कोरीकरकरीत असूनही सहा-सात वर्षांचं रबर आतून चिरलेलं असू शकतं. भाड्याची गाडी ताब्यात घेताना हे चार आकडे वाचायला एक मिनिट लागतं. आणि प्रत्येक थांब्यावर चाकांच्या मधल्या हबजवळ हात न्यावा. पाच चाकं कोमट आणि सहावं चटका देणारं असेल तर तिथे ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग निकामी होतंय. हे हात नेणं लक्षात ठेवा, पहाटे तेच पुन्हा दिसणार आहे.

मुक्कामाला पोचल्यावरचा क्रम ठरलेला असावा. आधी गाडी पातळीत आणायची, खालच्या चाकांखाली प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर चढवून. मग चाकांना अडण्या. हे आधी का, तर गॅसवरही चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला कंप्रेसर नसतो, त्यातलं द्रावण उतारानेच फिरतं. गाडी कलती राहिली की ते अडतं, फ्रिज थंड करत नाही आणि तसाच चालू ठेवला तर कायमचा जातो. तो थंड व्हायलाही आठ-दहा तास घेतो, म्हणून निघायच्या आदल्या रात्री सुरू करायचा. मग वीज. खांबावरचा ब्रेकर आधी बंद, विजेच्या झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर लावायचा, मग गाडीची केबल, मग ब्रेकर चालू. 30 अँपिअर म्हणजे 120 व्होल्टला 3600 वॉट, यापलीकडे काही नाही. एसी दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह तेवढेच, विजेची किटली तेवढेच. तिन्ही लावले की अंधार. चहा गॅसवर करावा, हे चवीसाठीही बरं. पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडू नये. कॅम्पग्राउंडचा दाब कधी कधी इतका असतो की गाडीतले प्लॅस्टिकचे सांधे सुटतात, आणि ते सुटतात पलंगाखाली, जिथे रात्रभर कळत नाही. केंटकीत एप्रिलमध्ये एखादी रात्र गोठणबिंदूखाली जाते. तसा अंदाज असेल तर संध्याकाळी गाडीतली पाण्याची टाकी भरून घ्यावी, नळी काढून आत ठेवावी आणि रात्री गाडीतल्या पाण्याच्या पंपावर भागवावं.

सांडपाण्याबद्दल लोक कुजबुजत बोलतात, म्हणून चुका होतात. संडासाची ब्लॅक टाकी वेगळी, बेसिन आणि न्हाणीची ग्रे टाकी वेगळी. ब्लॅकचा व्हॉल्व्ह टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत बंदच. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे राहून त्याचा ढीग साचतो, आणि तो ढीग काढणं हे फार दुर्दैवी काम आहे. डम्प स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, तीन इंची नळी घट्ट बसवून आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. शेवटी ब्लॅकमध्ये दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायनाची पुडी. हातमोजे टाकून द्यायचे.

आता पहाट. तीन-साडेतीन हजार किलोहून जड गाडी पाच वाजता सुरू करून शेजाऱ्यांची झोप मोडायची नाही. कॅम्पग्राउंडचे शांततेचे तास बहुधा रात्री दहा ते सकाळी सहा-सातपर्यंत असतात आणि तेव्हा जनरेटरला तर बंदीच असते. शिवाय रेसकोर्सवरची बरीचशी पार्किंग गवतावर असते. एप्रिलच्या पावसानंतर त्या हिरवळीत आरव्हीची मागची दुहेरी चाकं रुततात आणि साध्या टोइंगच्या ट्रकने निघत नाहीत. सोयीचं हेच की आरव्ही जागेवर राहू द्यावी आणि मुक्कामाच्या दिवसांपुरती छोटी मोटार भाड्याने घ्यावी किंवा टॅक्सी बोलवावी. जाड स्वेटर, थर्मासमध्ये चहा, जमल्यास साधी दुर्बीण.

कीनलंडवर सकाळचा सराव लोकांना पाहता येतो. कठड्यापाशी उभं राहिल्यावर पहिली गोष्ट कानांना कळते. अंधारातून नालांचा आवाज येतो, आणि त्याच्यासोबत दुसरा एक, भात्यासारखा. चौखूर धावणारा घोडा प्रत्येक झेपेला नेमका एक श्वास घेतो. पुढचे पाय टेकताना सोडतो, उचलताना घेतो. दुपारी गर्दीत हे ऐकू येणं शक्य नाही. इथे 1997 सालापर्यंत शर्यतींचं धावतं समालोचनही नव्हतं.

मग उजाडतं आणि गोंधळ दिसतो, पण तो गोंधळ नसतो. घड्याळाच्या दिशेने, बाहेरच्या कठड्याला धरून दुडक्या चालीने येणारे घोडे एक तर नुकतेच आत आलेत किंवा काम उरकून परतताहेत. उलट दिशेने, म्हणजे शर्यतीच्या दिशेने, मधल्या पट्ट्यात रिकिबीत उभ्या राहिलेल्या स्वारांखाली रमतगमत दौडणारे, ते दम वाढवताहेत. आणि आतल्या कठड्याला चिकटून, स्वार मानेवर वाकलेला, एकटा किंवा जोडीने येणारा घोडा खरं काम करतोय. त्याच्यावर वेळाधिकाऱ्यांची नजर असते, त्याची वेळ छापून येते. एक फर्लाँग म्हणजे मैलाचा आठवा भाग, सुमारे 200 मीटर. फर्लाँगला 12 सेकंद हा ढोबळ दर धरला तर 4 फर्लाँग 48 सेकंदांत झालं की काम चांगलं झालं. मोजायला सोपं आहे: कडेचे हिरवे-पांढरे खांब फर्लाँगचे, लाल-पांढरे पाव मैलाचे. फोनच्या स्टॉपवॉचवर दोन-चार घोडे मोजून पाहावेत. पहिला दरवेळी चुकतो, कारण माणूस घोडा खांबापाशी येण्याची वाट बघण्याऐवजी घोड्याकडेच बघत राहतो.

सात-आठच्या सुमाराला मैदान थोडा वेळ बंद होतं आणि ट्रॅक्टर माती खरवडत फिरतात. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचा काही इंचांचा हा थर सारखा भुसभुशीत राहायला हवा. पावसाचा रंग दिसला तर मात्र उलट करतात: माती दाबून, गुळगुळीत करून बंद करतात, म्हणजे पाणी आत न मुरता आतल्या बाजूला वाहून जातं. पाण्याने तळं झालेल्या अशा ट्रॅकवर घोडे चांगल्या वेळा देतात. पाऊस थांबून अर्धवट वाळलेला, पाय ओढणारा चिखल जास्त दमवतो. हिरवळीवरची शर्यत पावसामुळे मातीवर हलवली की कितीतरी घोडे माघार घेतात, त्यामुळे रात्री बसून केलेला अभ्यास सकाळी रद्दीत जातो.

सराव संपलेल्या घोड्याला आंघोळ, मग अर्धा-पाऊण तास चालवणं, अंग थंड होईस्तोवर. पागेकडचा भाग सहसा पाहुण्यांना खुला नसतो, पण घोड्याची निगा राखणारा मोतद्दार दुपारी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी खोगीर चढवायच्या आवारात, दिसतो. त्याच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहाटे चारलाच झालेली असते. घोड्याच्या पुढच्या पायाशी बसून तो गुडघ्याखालून खुरापर्यंत हात फिरवतो, मागची शीर चिमटीत धरून खाली सरकवत नेतो. दोन्ही पाय. एक गार आणि दुसरा किंचित कोमट लागला तर तो घोडा त्या दिवशी बाहेर पडत नाही. यंत्रं आहेत, एक्स-रे आहेत, पण सुरुवात रोज त्या तळहातापासून होते. साडेचारशे-पाचशे किलोचं अंग ताशी 35-40 मैल वेगाने एका वेळी एकेका पायावर तोललं जातं, आणि तो पाय खाली माणसाच्या मनगटाएवढा.

दुपारी पॅडॉक चुकवू नये. झाडांखाली खोगीर चढवताना घोडे हाताच्या अंतरावरून जातात. घाम बघावा: उकाड्यात मानेवरची ओल चालते, पण थंडीत मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस असेल तर घोडा शर्यत तिथेच पळून संपवतोय. पाठीवरच्या कापडाचा रंगही ठरलेला असतो, 1 लाल, 2 पांढरा, 3 निळा, 4 पिवळा, 5 हिरवा. लांबच्या वळणावर आकडे दिसत नाहीत, रंग दिसतात.

पैसे लावायचे तर वय 18 पूर्ण हवं. खिडकीवर बोलण्याचा क्रम असा: रेसकोर्सचं नाव, शर्यत क्रमांक, रक्कम, प्रकार, घोड्याचा क्रमांक. ‘कीनलंड, पाचवी, दोन डॉलर, विन, चार.’ विन म्हणजे तो घोडा पहिला यायला हवा. नाव सांगू नये, क्रमांक सांगावा, आणि तिकीट खिडकीसमोरच वाचावं. इथे बुकी नसतो. आपल्याकडच्या टोटसारखे सगळ्यांचे पैसे एका हंड्यात. समजा विनच्या हंड्यात 1,00,000 डॉलर जमले. आयोजक आणि राज्याचा वाटा 17 टक्के धरला तर वाटायला उरले 83,000. जिंकलेल्या घोड्यावर 24,000 लागले होते. भागाकार 3.4583, म्हणजे डॉलरला 3.45, दोन डॉलरच्या तिकिटाला 6.90. इतर बऱ्याच ठिकाणी डॉलरमागे खालच्या 10 सेंटवर आणून 3.40, म्हणजे 6.80 देतात. केंटकीने 2022 साली ही काटछाट एका सेंटवर आणली. दहा सेंटचं काय एवढं, असं वाटेल; दिवसभर खिडकीवर उभ्या असलेल्यांना विचारावं. फळ्यावरचा भाव मात्र कबूल केलेला भाव नव्हे. देशभरातून आलेले शेवटच्या क्षणाचे पैसे मोजून होईपर्यंत घोडे निघालेले असतात, आणि 5-1 ला, म्हणजे डॉलरमागे पाच डॉलर नफ्याच्या भावाने, घेतलेला घोडा पहिल्या वळणावर 3-1 झालेला दिसतो.

क्रम ओळखायच्या बाजींत खर्च गुणाकाराने वाढतो. एक्झॅक्टात पहिले दोन घोडे क्रमाने ओळखायचे, ट्रायफेक्टात पहिले तीन; बॉक्स म्हणजे निवडलेल्या घोड्यांचे सगळे क्रम एकदम लावणं. तीन घोड्यांचा एक्झॅक्टा बॉक्स म्हणजे 6 जोड्या; चार घोड्यांचा ट्रायफेक्टा बॉक्स म्हणजे 24 क्रम, 50 सेंटने लावला तरी 12 डॉलर. कार्यक्रमपत्रिकेच्या किमतीत आणि विनच्या दोन-दोन डॉलरांत अख्खी दुपार जाते, नवख्याने तेवढंच करावं.

लुईव्हिलचं चर्चिल डाउन्स इथून दीड तासावर. 1875 पासूनची डर्बी, मे महिन्याचा पहिला शनिवार, सव्वा मैल. 1973 साली सेक्रेटेरिएट या घोड्याने दिलेली 1 मिनिट 59.4 सेकंदांची वेळ अजून मोडलेली नाही. त्या शनिवारी आरव्ही घेऊन जाणं म्हणजे दिवाळीत लक्ष्मी रोडवर ट्रक घालणं. एरवी कुठल्याही दिवशी जावं.

पत्रिकेत ‘क्लेमिंग’ असं लिहिलेली शर्यत असेल तर ती मात्र सोडू नये. अमेरिकेतल्या शर्यतींचा मोठा हिस्सा याच प्रकारचा असतो. शर्यतीत उतरलेला प्रत्येक घोडा ठरलेल्या किमतीला विकाऊ. परवाना असलेला कोणीही मालक शर्यतीच्या काही मिनिटं आधी बंद पेटीत चिठ्ठी टाकतो. एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या असल्या तर सोडत. म्हणूनच चांगला घोडा हलक्या शर्यतीत उतरवून सहज बक्षीस मारता येत नाही, कोणीतरी तो उचलून नेतो. रिच स्ट्राइक नावाचा घोडा सप्टेंबर 2021 मध्ये चर्चिल डाउन्सवर असाच 30,000 डॉलरला गेला. पुढच्या मे महिन्यात, आदल्या दिवशी एका घोड्याने माघार घेतल्यामुळे त्याला डर्बीत जागा मिळाली, आणि 80-1 भावाने तो जिंकला. दोन डॉलरला 163.60.

तो अपवाद. रोजचं दृश्य वेगळं असतं, आणि ते बघायला शर्यत संपल्यावर सगळे खिडकीकडे पळत असताना कठड्यापाशीच थांबावं लागतं. धापा टाकत घोडे परत येतात. त्यातल्या एकाच्या लगामाला कोणीतरी लाल चिठ्ठी अडकवतं. घोडा विकला गेला, पण लगाम विकलेला नसतो. नवीन पागेचा माणूस आपली म्होरकी आणि दोर घेऊन येतो, ती घोड्याच्या तोंडावर चढते, आणि मग जुना मोतद्दार आपला लगाम काढून घेतो. सहसा दोघं बोलत नाहीत. नवीन माणूस घोडा फिरवतो, चार पावलं चालवून थांबतो, खाली वाकतो आणि पुढच्या पायावरून हात फिरवतो. जुना तोवर लगाम खांद्यावर टाकून पागेकडे निघालेला असतो.